चित्रपान त्रेचाळीस

बाइंडरकाका निवृत्त झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात माझ्या काउंटरवर आले आणि त्यांनी वाचकपत्राचा अर्ज मागितला. मला वाटलं, घरी करमत नसेल, इथे येऊन डुलक्या काढायच्या असतील. तसे लोक आमच्याकडे पुष्कळ येतात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात गारवा असतो, शांतता असते, आणि समोर जाडजूड पुस्तक उघडं असलं की झोपलेला माणूसही विद्वान दिसतो. अठ्ठावीस वर्षं मी देवघेवीच्या काउंटरवर बसतेय. कोण वाचायला आलंय आणि कोण वेळ काढायला, हे मला चालीवरून कळतं. काकांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज सपशेल चुकला.

काका चौतीस वर्षं आमच्याच तळघरात होते. तिथे बांधणी विभाग आहे: एक लोखंडी दाब, एक कापायचं यंत्र, खळीचं पातेलं आणि छतापर्यंत रचलेली जखमी पुस्तकं. वरच्या मजल्यावर वाचकांनी पुस्तकांचे जे हाल करायचे ते करायचे आणि काकांनी खाली ते निस्तरायचे, अशी वाटणी होती. माणूस अबोल, पण कामात पक्का. हाताखाली आलेल्या प्रत्येकाला त्यांनी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगितली: आधी पेन्सिल, मग पातं. म्हणजे कागद कापायला घेण्याआधी प्रत्येक पानाच्या मागे त्याचा आकडा लिहायचा, कारण छापलेला आकडा कडेला असतो आणि कडेचं काय होईल ते पात्यालाच माहीत. हे वाक्य मीसुद्धा इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेत म्हणून दाखवलं असतं.

निवृत्त कर्मचाऱ्याला वाचकपत्र देता येतं असा एक नियम आमच्या नियमपुस्तकात आहे. तो आजवर कोणी वापरला नव्हता, त्यामुळे अर्ज शोधण्यातच माझी अर्धी सकाळ गेली आणि मी चिडले. अर्जात अभ्यासाचा विषय लिहायचा असतो. काकांनी लिहिलं, ‘मातीखालचं शहर’. मी म्हटलं, काका, विषय असा लिहीत नाहीत. मग त्यांनी ते खोडून ‘प्राचीन इतिहास’ लिहिलं आणि शांतपणे म्हणाले, “चौतीस वर्षं पुस्तकांची पाठ पाहिली. आता तोंड बघायचंय.”

प्राचीन इतिहासच का, असं मी विचारलं. तर म्हणे, तळघरात सगळ्यात जास्त वेळा परत येणारी पुस्तकं त्याच कपाटातली. जड असतात, चित्रं फार, लोक झेरॉक्ससाठी पालथी दाबतात आणि शिवण तुटते. ज्या पुस्तकांसाठी लोक एवढी दांडगाई करतात, त्यांत आहे तरी काय, हे त्यांना बघायचं होतं.

त्यांनी सुरुवात केली ती एका उत्खननाच्या अहवालापासून. दोन खंडांचा अहवाल, साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा. एका माणसाने नऊ वर्षं एक टेकाड खणलं आणि त्याखाली एकावर एक वसलेली गावं सापडली, थरावर थर. सगळ्यात वरचा थर पहिला, सगळ्यात खालचा अकरावा. जेवढं खाली जावं तेवढं जुनं. पहिल्या खंडात नुसता मजकूर होता आणि दुसऱ्यात नुसती चित्रपानं. चित्रांखाली फक्त आकृत्यांचे आकडे होते. कुठलं चित्र कशाचं, हे कळायला पहिला खंड उघडावाच लागे.

काका वाचायचे कसे ते सांगते. सकाळी दार उघडताना ते पायरीवर हजर असत. खिडकीजवळच्या टेबलाशी बसायचं, स्वतः शिवलेली वही काढायची, ओळीखाली फूटपट्टी ठेवायची आणि एक ओळ संपली की ती खाली सरकवायची. बोट नाही लावायचं, बोटाला घाम असतो. अडलेला शब्द वहीत. सुरुवातीला ते अर्थ मला विचारायला येत. मला तरी कुठे येत होते? दोनदा ठोकून दिले, तिसऱ्यांदा त्यांनी माझी चूक कोशात दाखवली, तेव्हा मी मुकाट्याने त्यांना संदर्भ विभागाचं कपाट दाखवलं. मग सूचीचे खण उघडायला शिकवलं, संगणकावर शोधायला शिकवलं, जुन्या नियतकालिकांची विषयवार यादी कशी बघतात ते शिकवलं. माणूस एकदा सांगितलेलं दुसऱ्यांदा विचारत नसे. वर्षानुवर्षं इथे येणाऱ्या प्राध्यापकांना जे जमत नाही, ते काकांना दोन महिन्यांत जमलं. ते म्हणायचे, “पुस्तकं कुठे राहतात ते ठाऊक होतंच, आता त्यांचे पत्ते कळले.”

सहा महिन्यांत त्यांना ते शहर आपल्या गल्लीसारखं पाठ झालं. सातव्या थरात आग लागली होती. पाचव्या थरात गटारं आहेत, पण चौथ्यात ती बुजवून वर घरं बांधली. हे ते मला अशा काळजीने सांगत की मीच नगरपालिकेत तक्रार करावी. त्यांचा सगळ्यात जास्त जीव मात्र जडला होता तो खणणाऱ्या माणसावर. “किती नीट लिहिलंय,” म्हणायचे. “जे दिसलं ते लिहिलं, नाही दिसलं तिथे नाही दिसलं म्हणून लिहिलं.”

त्यांच्या समोरच्या खुर्चीवर एक संशोधक मुलगी बसे. तिला मी मनातल्या मनात थर्मासवाली म्हणायचे, कारण वाचनकक्षात खाणंपिणं मना असताना ती टेबलाखाली थर्मास ठेवून चहा पीत असे आणि मला दिसत नाही असं समजत असे. त्याच टेकाडावर ती चार वर्षं प्रबंध लिहीत होती. दोघांची ओळख झाली आणि तिने काकांना एक जुना लेख वाचायला दिला. आमच्याच विद्यापीठातल्या, आता हयात नसलेल्या एका सरांचा. सरांचं म्हणणं असं: खालच्या नवव्या थरातली मडकी चाकावर घडवलेली आहेत, आणि वरच्या चौथ्या थरातली हाताने. म्हणजे या शहरात कुंभाराचं चाक आसपासच्या सगळ्या जगाच्या आधी आलं, आणि पुढे लोक ते विसरूनही गेले. अहवालात याच्या नेमकं उलट लिहिलंय, पण चित्रं बघा, खणणाऱ्यालाच आपली मडकी ओळखता आली नाहीत. थर्मासवालीचं चौथं प्रकरण सगळं यावर उभं होतं. महिन्याभरात प्रबंध जमा करायचा होता.

काकांना तो लेख झोंबला. ज्याने नऊ वर्षं उन्हात बसून एकेक खापर मोजलं, त्याला मडकं कळलं नाही, हे त्यांच्या पचनी पडेना. तोवर त्यांनी पहिला खंडच ओळीओळीने वाचला होता, चित्रं नुसती चाळली होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही खंड शेजारी शेजारी मांडले आणि मजकुरातल्या एकेका उल्लेखाचं चित्र काढून बघायला लागले.

अहवालात लिहिलं होतं: नववा थर, हाताने घडवलेलं मडकं, तळाला चटईचे ठसे, चित्रपान त्रेचाळीस, आकृती सहा. काकांनी त्रेचाळिसावं पान उघडलं. आकृती सहाच्या तळाला चटई नव्हती, चाकाच्या गोल रेषा होत्या. भिंग मागून घेतलं. रेषाच. मग त्यांनी सगळा खंड पालथा घातला आणि चटईचे ठसे सापडले एक्कावन्नाव्या पानावर. तिथेही आकृती सहाच. पुढचा उल्लेख पंचेचाळिसाचा होता, मडकं सापडलं त्रेपन्नावर. चौथ्या थरातलं एक बावन्नावर हवं होतं, ते निघालं चव्वेचाळिसावर. त्या दिवशी त्यांनी तेवीस उल्लेख तपासले. तेवीसही वेळा फरक आठाचा, कधी पुढे, कधी मागे.

विद्वानांना यात खणणाऱ्याची चूक दिसली होती. काकांना दिसली आठ-आठ पानांच्या दोन गड्ड्या, एकमेकींच्या जागी बसलेल्या. हे बाइंडरलाच दिसावं.

त्यांनी पान उलटून मागची बाजू पाहिली. चित्रपानांचे छापील आकडे वरच्या कोपऱ्यात असतात, पण या सोळा पानांवर ते नव्हतेच, कडा कापलेल्या होत्या. मागे पेन्सिलीने आकडे घातले होते. त्यातल्या नवाची शेपटी खाली जाऊन गळासारखी वळली होती. असा नऊ आमच्या इमारतीत एकच माणूस काढतो.

दुपारी ते काउंटरवर आले आणि बांधणीची जुनी नोंदवही मागितली. चेहरा असा उतरला होता की मी कारण न विचारताच ती काढून दिली. बावीस वर्षांपूर्वीची नोंद सापडली. दुसरा खंड, कसर लागलेली, सोळा पानांच्या कडा खराब, कापून नव्याने शिवला. खाली काकांची सही. म्हणजे कडा आधी कापल्या होत्या आणि आकडे नंतर, अंदाजाने घातले होते. आधी पातं, मग पेन्सिल.

मी विचारलं, त्या दिवशी काही झालं होतं का? कोणी आजारी, कसली घाई, साहेबांचा तगादा? मला त्यांच्यासाठी काहीतरी कारण हवं होतं. काकांनी बराच वेळ आठवून पाहिलं. “काही आठवत नाही,” म्हणाले. “बहुतेक काहीच झालं नव्हतं.”

आता माझी लाज सांगते. मी आजूबाजूला बघितलं आणि हळूच म्हटलं, काका, पेन्सिलचेच आकडे आहेत. खोडरबर घ्या, सोळा आकडे बदला, पाच मिनिटांचं काम आहे. कोणाला कळणार नाही. मी मनापासून बोलले होते. हा माणूस माझ्या डोळ्यांसमोर कोणापुढे मान खाली घालून उभा राहावा, हे मला नको होतं.

काकांनी नोंदवही मिटली. “पुस्तक दुरुस्त होईल,” ते म्हणाले. “पुस्तकातून जे बाहेर गेलंय, त्याचं काय? तो माणूस खरं सांगत होता आणि माझ्यामुळे खोटा पडला. बावीस वर्षं.”

पुढचे चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी काकू आल्या. काकू घरी शाळेचे गणवेश शिवतात, बोलायला फटकळ, आणि ग्रंथालयात पहिल्यांदाच आलेल्या. म्हणाल्या, यांना जेवण जात नाहीये, रात्रंदिवस एकच घोकणं चाललंय, तुम्ही तरी समजवा. “मी बाही उलटी लावली तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात उभं राहतं. यांच्या बाहीसाठी बावीस वर्षांत कोणी आलं नाही, यात यांचा काय दोष?” मला ते पटलं. काकूंनी घरी जाऊन तेच पुन्हा ऐकवलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी काका दाढी करून, स्वच्छ शर्ट घालून पायरीवर हजर होते.

“ही बरोबर बोलते,” मला म्हणाले. “कोणी आलं नाही, म्हणून मलाच जायला हवं.”

जायचं म्हणजे आधी पुरावा हवा. नुसत्या आठाच्या फरकावर कोणी विश्वास ठेवला नसता. म्हातारा भ्रमिष्ट झालाय म्हणाले असते. त्याच अहवालाची न कापलेली प्रत कुठे आहे, हे काकांनी स्वतः सामायिक सूचीत शोधलं. ती दुसऱ्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात निघाली. अशी पुस्तकं आम्ही एकमेकांकडून मागवून घेतो, पण इथे घोडं अडलं. निवृत्तांच्या वाचकपत्रावर बाहेरचं पुस्तक मागवता येत नाही. त्या विषयातल्या नोंदणीकृत संशोधकाची सही लागते. मी साहेबांकडे, म्हणजे आमच्या मुख्य ग्रंथपालांकडे गेले. त्यांनी कपाळाला आठ्या घालून नियम वाचून दाखवला आणि वर सुचवलं की पेन्सिलचेच आकडे आहेत तर खोडरबर वापरावं. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकल्यावर ते किती हलकं आहे हे मला कळलं.

त्या विषयात नोंदणी झालेली संशोधक सध्या एकच होती. ती समोरच्या खुर्चीवर बसून टेबलाखालून चहा पीत होती.

काकांनी तिला वाचनकक्षाबाहेर बोलावलं. जिन्यापाशी एक बाक आहे, तिथे ती बसली, काका उभेच राहिले. मी काउंटरवरून सगळं ऐकत होते. ऐकू येत नसतं तर उठून जवळ गेले असते.

“तुमचं चित्रपान त्रेचाळीस हे त्रेचाळीस नाही,” काका म्हणाले. “ते एक्कावन्न आहे. सोळा पानं मी उलटी लावली.”

“तुम्ही?”

“मी इथला बाइंडर होतो.”

ती आधी हसली. मग वहीतली तेवीस उल्लेखांची यादी काकांनी तिच्या हातात दिली, तशी ती एकेक ओळ वाचत गेली आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. म्हणाली, पुढच्या महिन्यात प्रबंध द्यायचाय. म्हणाली, चार वर्षं घातलीत. काका म्हणाले, म्हणूनच आज सांगतोय. मग ती चिडली. तुमची आठवण चुकत असेल, बावीस वर्षांपूर्वीचं तुम्हाला काय आठवणार, असं बरंच बोलली.

“आठवण नाहीच माझ्याकडे,” काका म्हणाले. “म्हणून तर दुसरी प्रत बघायचीय.”

“मग बघा ना. मला कशाला सांगता?”

“सही तुमची लागते.”

तिने अर्जाकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि उठून गेली. थर्मास टेबलाखालीच राहिला. काका बाकावर बसले. मला वाटलं, आता यांचा धीर सुटणार. पण त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, अर्जावर पुस्तकाचं नाव, खंड, साल, सूचीतला क्रमांक सगळं स्वच्छ अक्षरात भरलं, सहीची जागा तेवढी मोकळी ठेवली आणि अर्ज माझ्याकडे दिला. “येईल ती,” म्हणाले.

रोज सकाळी ते तिच्या रिकाम्या खुर्चीसमोर बसून वाचत राहिले. चौथ्या दिवशी दुपारी ती आली. डोळे सुजलेले. थेट काउंटरवर येऊन अर्ज मागितला, उभ्याउभ्याच सही केली. माझ्याकडे न बघता म्हणाली, “घरी बसून पहिला खंड सलग वाचून काढला. आम्ही सगळ्यांनी त्या माणसालाच चूक ठरवलं होतं.” मग थर्मास उचलला आणि तो आता लपवायचंही तिला सुचलं नाही. त्या दिवशी तिने माझ्या टेबलावर चहा सांडला असता तरी मी पुसला असता.

अकराव्या दिवशी पार्सल आलं. काकांनी दोरी कापली नाही, गाठ सोडवली. दोन्ही प्रती मोठ्या टेबलावर शेजारी उघडल्या. परक्या प्रतीत कडा शाबूत होत्या आणि वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढा छापील आकडा होता. त्रेचाळीस. आकृती सहा. तळाला चटईचे ठसे.

थर्मासवालीने ते पान बराच वेळ पाहिलं आणि मग आपल्या चौथ्या प्रकरणाची गड्डी पिशवीत ठेवली. काकांच्या चेहऱ्यावर मला दुःख दिसेल असं वाटलं होतं. तिथे मोठी सुटका दिसली. त्यांनी पहिल्या खंडाच्या पुठ्ठ्यावर तळवा ठेवला आणि म्हणाले, “बरोबर लिहिलं होतं त्यांनी.”

तिला सहा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. आठवडाभर ती काकांशी धड बोलली नाही, आणि तो तिचा हक्कच होता. मग एके दिवशी ती त्यांच्यापुढे एक नकाशा सरकवून काहीतरी विचारताना दिसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

पण काकांचं संपलं नव्हतं. आमच्या पुस्तकांच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते, कुणी कधी नेलं त्याची. दुसरा खंड बांधून वर आल्यापासून एकतीस जणांनी नेला होता. एकतिसांच्या वाचकपत्रांचे क्रमांक काकांनी उतरवून घेतले आणि मला म्हणाले, यांची नावं आणि पत्ते हवेत. मी म्हटलं, काका, यातले निम्मे गाव सोडून गेले असतील. ते म्हणाले, मग निम्मे राहिले असतील. त्या चिठ्ठीवरचा प्रत्येक शिक्का माझ्या हातचा होता. चूक काकांनी केली, पण एकतीस वेळा ती दाराबाहेर सोडली मी. मग कसला वाद घालणार? आठवडाभर मी जेवणाच्या सुट्टीत जुन्या नोंदी चाळल्या.

काकांनी एकतीस पत्रं हाताने लिहिली. सगळ्यांत मजकूर एकच. मी या ग्रंथालयात बांधणीकाम करत होतो. अमुक अहवालाच्या दुसऱ्या खंडात चित्रपानं एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस आणि एकोणपन्नास ते छप्पन्न माझ्याकडून एकमेकांच्या जागी बांधली गेली. आपण त्यांवरून काही लिहिलं असल्यास कृपया तपासून घ्यावं. अहवालातला मजकूर बरोबर आहे. शेवटच्या वाक्याखाली त्यांनी फूटपट्टीने रेघ मारली होती.

नऊ पत्रं पत्ता न सापडल्याने परत आली. दोन घरांतून कळवलं की ते आता नाहीत. एकाने तिरकस लिहिलं की इतक्या वर्षांनी हे कळवून काय साधलं. त्याला काकांनी पुन्हा उत्तर लिहिलं. एका बाईंनी मात्र आपल्या पुस्तकातली चूक पुढच्या आवृत्तीत सुधारायचं कबूल केलं. सरांचा लेख ज्या नियतकालिकात आला होता, तिथे थर्मासवालीने दुरुस्ती पाठवली, काकांच्या यादीसकट.

मग पुस्तक. काका तळघरात उतरले, मीही मागोमाग गेले. त्यांच्या जागी आलेल्या नव्या बाइंडरबाईंनी दाबाजवळची जागा मोकळी करून दिली. शिवण उसवायला बराच वेळ लागला. पक्की होती, त्यांचीच. सोळा पानं सुटी झाल्यावर काका थांबले, पेन्सिलीला टोक काढलं आणि परक्या प्रतीशी ताडून प्रत्येक पानामागे जुना आकडा खोडून खरा लिहिला. दोनदा मोजलं. मगच सुई घेतली.

सुरुवातीला एक दुरुस्तीचं पान जोडायचं होतं. साहेबांनी मसुदा पाठवला होता. ‘ग्रंथालयाच्या नजरचुकीने’ अशी सुरुवात, खाली ग्रंथालयाचा शिक्का. काका तो घेऊन वर गेले आणि म्हणाले, यावर माझं नाव घाला. साहेब खरंच चांगुलपणाने म्हणाले, कशाला, एवढी वर्षं इमानाने काम केलंत, माणसाकडून होतं, नाव नको.

“उद्या कोणाला यात काही शंका आली तर तो शिक्क्याला विचारणार का?” काका म्हणाले.

साहेबांनी हात टेकले. नव्या पानावर चूक काय होती, कधीची होती आणि कशी सुधारली ते तीन ओळींत आलं. खाली काकांचं पूर्ण नाव, आणि नावापुढे ‘बाइंडर’.

पुस्तकावर लेखकाचं नाव असतं, छापणाऱ्याचं असतं, देणगी देणाऱ्याचं असतं, आमचा शिक्का तर चार ठिकाणी असतो. बांधणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. काकांनी चौतीस वर्षांत हजारो पुस्तकं बांधली, आणि त्यांचं नाव या एकाच पुस्तकात आहे, तेही एका चुकीखाली. ते पान पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मला काउंटरवरच रडू फुटलं. काकांनी ते बघितलं आणि म्हणाले, कागदावर पाणी पडेल, जरा बाजूला व्हा.

परवा एक नवी विद्यार्थिनी दुसरा खंड घ्यायला आली. मी शिक्का मारत होते, तिने पान उलटलं, वाचलं आणि नावावर बोट ठेवून विचारलं, हे कोण? मी खिडकीजवळच्या टेबलाकडे हात केला. म्हटलं, ते काय बसलेत, जा, विचारा.

ती गेली. काका तिला येताना बघून चटकन उभे राहिले, आणि क्षणभर मला वाटलं की त्यांना पुन्हा सगळं पहिल्यापासून कबूल करावं लागणार. त्यांनी ते केलंही. पान दाखवत ते बोलत होते आणि ती ऐकत होती. मग त्यांनी तिच्यासाठी शेजारची खुर्ची ओढली, पहिला खंड उघडला आणि पहिल्या ओळीखाली फूटपट्टी ठेवली.